चाळीसची पट्टी

बाप घरात शिरला की आधी बल्बला हात लावायचा. चपला काढण्याच्या आधी, पाणी मागण्याच्या आधी. तो उंच होता आणि आमचं छप्पर टिनाचं, बुटकं. आढ्याला बांधलेल्या वायरीवर लोंबणारा बल्ब त्याच्या कपाळाच्या जरा वर यायचा. बटण बंद असलं तरी तो हात लावायचाच. तळहात नाही, बोटांची मागची बाजू. लेकराचा ताप पाहतात तशी. बल्ब गार लागला की खाकी सदरा काढायला लागायचा आणि आम्ही चौघं श्वास सोडायचो. गरम लागला की विचारायचा, "कोनं लावला होता?"

या प्रश्नाचं खरं उत्तर आमच्या घरात कुणी कधी दिलं नाही. कुणीही लावलेला असो, माय म्हणायची, "म्या."

तेव्हा मंगरूळपीर अकोला जिल्ह्यात होतं. दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की एक बोळ लागायची, तिच्यात आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीला बोळीकडे उघडणारी एक खिडकी. मागच्या स्वयंपाकघराला तीन बाजूंनी दुसऱ्यांच्या भिंती, त्यामुळे तिथं भर दुपारीसुद्धा पिठाचा डबा हातानं चाचपून शोधावा लागे. पुढे साठचा बल्ब, मागे चाळीसचा. दुष्काळ नुकताच सरला होता, विजेची सगळीकडे ओढाताण होती. बापाच्या डेपोत वीज वाचवा म्हणून पाटी लागली होती आणि तो ती पाटी जणू घरी घेऊन आला. त्याचा कायदा एकच होता. दिवसा दिवा नाही. दिवेलागणीनंतर एकच, तोही तो घरात असेल तेव्हा.

तो एसटीत कंडक्टर होता. एक दिवसाआड त्याची रिसोडला मुक्कामी गाडी असायची. दुपारी निघायचा तो दुसऱ्या दिवशी दुपारी परत यायचा. गाडीत तपासनीस चढला की त्याचा चेहरा कसा पडतो हे मी एकदा शिरपूरच्या वाटेवर पाहिलं होतं. हिशेबात कधी खोट निघाली नाही त्याच्या, तरी तो बॅगेतली नाणी पुन्हा पुन्हा मोजत होता. घरी आल्यावर तोच तपासनीस व्हायचा.

कंजूस म्हणावं तर तसं नव्हतं. स्टँडवर चार जणांना चहा पाजल्याशिवाय तो उठायचा नाही. त्याचा स्वतःचा पेपर साठच्या बल्बखाली तासभर चालायचा. आपण नसताना घरात काही चाललेलं असतं, हे त्याला खपत नव्हतं, असं मला आता वाटतं. आम्ही त्याच्या माघारी बोललो, हसलो, जेवलो, याचा पुरावा त्याला फक्त बल्बमध्ये सापडायचा.

कंडक्टरच्या चामडी बॅगेला खांद्यावर अडकवायचा पट्टा असतो, पितळी बक्कल असलेला. तो पट्टा काढायला त्याला वेळ लागत नसे. बक्कल मुठीत धरून मारलं तर तो साधा राग. बक्कल बाहेर सोडून मारलं तर समजायचं की आज दोन दिवस पाठ टेकता येणार नाही.

माझा मोठा भाऊ त्या वर्षी मॅट्रिकला होता. मी तेरा वर्षांची, धाकटी बहीण सहा. एका मुक्कामाच्या दिवशी बाप दुपारी नेहमीसारखा गेला. म्हणजे उद्या दुपारपर्यंत घर आमचं. अंधार पडायला लागला तसा भावानं साठचा बल्ब लावला आणि भूमितीचं पुस्तक उघडलं. माय तुरीची डाळ निवडायला बसली. आम्ही दोघी सागरगोटे खेळत होतो. भावाला काहीतरी सुटत नव्हतं म्हणून तो मोठ्यानं वाचत होता आणि बहीण त्याच्या मागोमाग 'काटकोन, काटकोन' म्हणत होती. माय हसत होती. एवढंच चाललं होतं.

गाडी शेलूबाजारच्या पुढे बंद पडली होती. बाप कुठल्याशा ट्रकमध्ये बसून परत आला. तो दारात उभा राहिला तेव्हा बल्बला हात लावायची गरजच नव्हती. त्यानं आधी बटण बंद केलं. मग मारायला सुरुवात केली.

अंधारात पट्टा कुठून येतो ते दिसत नाही. आवाज येतो आणि मग लागतं. मी बहिणीला पोटाखाली घेऊन भिंतीशी पडून होते. भाऊ ओरडला नाही. ओरडला असता तर बापानं लवकर सोडलं असतं, हे आम्हाला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. बक्कल त्याच्या कानावर बसलं. सकाळी उजेडात पाहिलं तर कानाची पाळी फाटली होती आणि भूमितीच्या पुस्तकाची दोन पानं रक्तानं एकमेकांना चिकटली होती.

"अभ्यास दिवसा होत नाई काय?" बाप चहा पिता पिता म्हणाला. "आमी काय दिव्याखाली शिकलो?"

तो चौथीपर्यंत शिकला होता.

त्यानंतर आम्ही हुशार झालो. बाप परतायच्या वेळी धाकटी बोळीच्या तोंडाशी उभी राहायची. तो पानठेल्यापाशी वळताना दिसला की ती पळत यायची आणि म्हणायची, "आला." मागच्या खोलीतला बल्ब माय स्वयंपाकाला लावायची, त्याशिवाय तिला भाकरी दिसत नसे. "आला" म्हटलं की बटण बंद. पण पानठेल्यापासून घरापर्यंत बापाला जेवढा वेळ लागे तेवढ्यात बल्ब गार होत नसे. मी सुपानं वारा घालायचे. दोन-तीनदा जमलं. एकदा जमलं नाही, तेव्हा मायला चुलीपुढून केसांनी ओढत त्यानं पुढच्या खोलीत आणलं होतं.

मला सुचलं की ओल्या फडक्यानं बल्ब लवकर गार होईल. कुणी सांगितलं नव्हतं. माझंच डोकं. तापलेला तवा पाणी मारून गार होतो, तसा बल्बही होईल, असं वाटलं.

उन्हाळ्याचे दिवस होते. धाकटी पळत आली. मायनं बटण बंद केलं. मी पिठाच्या डब्यावर चढले. डबा डुगडुगत होता म्हणून मायनं तो दोन्ही हातांनी धरला आणि मी पडते की काय म्हणून वर माझ्याकडे पाहत राहिली. मी परातीतलं ओलं फडकं उचललं होतं, तेच बल्बला गुंडाळलं.

फटाका फुटावा तसा आवाज झाला. माझ्या हाताला काही लागलं नाही, फडकं होतं ना. माय खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली आणि तिच्या बोटांच्या फटींतून रक्त येऊन लुगड्यावर पडायला लागलं. "खाली उतर," एवढंच म्हणाली. "काच हाये, पाय पाहून टाक."

बाप सरळ मागच्या खोलीत आला. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे त्याला आत काही दिसत नव्हतं. सवयीनं त्यानं हात वर केला आणि होल्डरमध्ये उरलेल्या काचेवर त्याची बोटं कापली.

पुढचं मी पाहिलं. डोळे मिटले नव्हते. त्यानं मायच्या पाठीत लाथ घातली. ती पुढे कलंडली तरी हात तोंडावरून काढले नाहीत. मग त्यानं तिकिटांची पेटी, जी पत्र्याची असते, ती तिच्या डोक्यात घातली. दोनदा. कापलेल्या बोटांचं रक्त त्या पेटीवर लागत होतं आणि त्याला वाटत होतं की ते तिचंच आहे.

"कोनं फोडला?"

"म्या," माय हातांच्या आतून म्हणाली. "पुसत होतो. हातातून सुटला."

मी ओलं फडकं मागे धरून भिंतीशी उभी होते. मी बोलले नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही कित्येक वर्षं नाही.

सरकारी दवाखान्यात कंपाउंडरनं चिमट्यानं काचा काढल्या. गालावरच्या निघाल्या, कपाळावरच्या निघाल्या. उजव्या डोळ्याकडे पाहून डॉक्टर म्हणाले, अकोल्याला न्या, आजच्या आज. बाप म्हणाला, "माही ड्युटी हाये." चार दिवसांनी त्याची सुट्टी आली तेव्हा नेलं. अकोल्याच्या डॉक्टरनं मायला काही विचारलं नाही, बापाला विचारलं, "चार दिवस काय करत होता?" मायच्या डोळ्यात फूल पडलं. बुबुळावर पांढरा डाग, वाटाण्याएवढा. त्या डोळ्यानं तिला पुढे फक्त ऊन आणि सावली तेवढी कळायची.

घरी आल्यावर बापानं दोन्ही खोल्यांत पंधराचे बल्ब लावले. म्हणाला, फुटले तरी नुकसान कमी.

पंधराच्या बल्बचा उजेड खाली पोचतच नाही. वायरीशी एक पिवळा गोळा दिसतो आणि त्याच्याखाली माणसं चाचपडत असतात. एका डोळ्याच्या माणसाला आधीच अंतर कळत नाही. माय पेल्यात पाणी ओतायची ते पेल्याच्या बाहेर पडायचं. तव्यावर भाकरी टाकताना बोटं तव्याला लागायची. तिच्या उजव्या हाताची चारही बोटं त्या पावसाळ्यात पोळून साल निघालेली होती. भाजीत मीठ दोनदा पडायचं. प्रत्येक गोष्टीला मार होता. ताट उलटून तिच्या अंगावर, तांब्या तिच्या तोंडावर. समोरचा एक दात त्या तांब्यानंच गेला.

"डोया फुटला तं हात बी फुटले काय?" बाप विचारायचा.

माय लोकांच्या गोधड्या शिवून द्यायची. आता तिला सुई ओवता येईना. मी शाळेतून आले की दारात बसून दहा-बारा सुया ओवून ठेवायचे आणि ती खिडकीशी बसून ऊन असेतोवर टाके घालायची. मान वाकडी करून, चांगला डोळा कापडाला जवळजवळ लावून.

मग त्यानं धाकटीला पकडलं. तो पानठेल्यापाशी वळला, ती नेहमीसारखी पळाली आणि त्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की ही रोज का पळते. तो धावत आला. दारातच तिला गाठलं. त्याच्या हातात तिकिटाला भोकं पाडायचा पंच होता, लोखंडी, आणि तो हातातच असताना त्यानं तिला थोबाडीत मारली. तिच्या कानातून रक्त आलं. सहा वर्षांची होती. पुढे आठ दिवस तिला त्या बाजूनं बोललेलं ऐकू येत नव्हतं, मान वळवून दुसरा कान पुढे करायची.

माय त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी बाप मुक्कामाच्या गाडीवर गेला आणि ती उठली, शिवून झालेल्या दोन गोधड्या डोक्यावर घेतल्या आणि मला म्हणाली, "चाल माह्यासंग."

दर्ग्याच्या रस्त्याला एक म्हातारा मिस्त्री राहायचा. उरुसाला, लग्नाला दिव्यांच्या माळा आणि ट्यूबच्या पट्ट्या भाड्यानं लावायचा. त्याच्या बायकोला मायनं आधी गोधड्या शिवून दिल्या होत्या. त्यांच्या पडवीत भिंतीला, हाताच्या उंचीवर, ट्यूब लागलेली असायची आणि एकदा तिथून उठताना आधारासाठी मायचा हात तिच्यावर पडला होता. हे ती मला वाटेत सांगत होती. "जयत होती, पोरी. चालू होती. आन हाताले कायबी लागलं नाई."

मिस्त्री पडवीत वायरीचे तुकडे सोलत बसला होता. मायनं गोधड्या त्याच्यापुढे ठेवल्या.

"मिस्त्रीभाऊ, हे पट्टी गरम काहून नाई होत?"

त्यानं मायच्या तोंडाकडे पाहिलं. डोळा, दात, सगळं पाहिलं असणार. प्रश्न असा का, हे त्यानं विचारलं नाही.

"बल्बमें तार जलती है बाई," तो म्हणाला. "बिजली आधी तिले तपवण्यात जाते, मंग उरला तो उजाला. इसमें तार तपत नाही. चाळीस वॅट खाते, आन उजाला देते शंभराच्या बल्बासारखा."

"म्हंजे साठाच्या बल्बापेक्षा कमी लागते वीज?"

"कितीतरी कमी."

"आन बंद केली की कोनाले समजत नाई, का चालू होती?"

म्हाताऱ्यानं हातातली वायर खाली ठेवली. "टोकाला थोडी कोमट लागते," तो म्हणाला. "बीचमें कुछ नहीं. उंच लावतो मी."

त्यानं गोधड्या ठेवून घेतल्या आणि उरुसातली एक वापरलेली पट्टी, चोक आणि स्टार्टर असं सगळं सायकलला बांधून तो आमच्या मागोमाग आला. पुढच्या खोलीत, मधल्या दाराच्या डोक्यावर त्यानं ती बसवली, म्हणजे उजेड स्वयंपाकघरातही पडेल, आणि दोन्ही बल्ब काढून ठेवले. बटण दाबल्यावर ती दोन-तीनदा उघडझाप करत थांबली आणि मग एकदम पेटली.

एवढा उजेड आमच्या घरात कधी पडला नव्हता. धाकटी टाळ्या वाजवायला लागली. मी मायकडे पाहिलं. तिच्या मानेवर पट्ट्याचे वळ होते, जुने काळे, मधले पिवळे, नवे लाल. रोज तिच्याशेजारी झोपत होते मी, आणि ते मी पाहिलेच नव्हते. भाऊही पाहत होता. तो तेव्हा मॅट्रिक पास होऊन एका लाकडाच्या वखारीत कामाला लागला होता. वळ पाहून तो बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाप आला. सवयीनं हात वर केला. तिथं बल्ब नव्हता. हात तसाच हवेत राहिला आणि मग त्यानं वर पाहिलं.

"हे काय?"

माय मधल्या दारात उभी होती. तिनं बोलायचं आधी ठरवून ठेवलं होतं, कारण ती एका दमात बोलली. "तुमी म्हनता ना वीज वाचवा. हे चाळीसची पट्टी हाये. दोन्ही खोल्या एका पट्टीत होते. आधीच्या साठ-चाळीसच्या बल्बाइतकी खात नाई. इश्वास नसंल तं मिस्त्रीले इचारून या."

तो खरंच विचारायला गेला. परत आला तेव्हा पट्टा बॅगेलाच होता. त्यानं स्टूल घेतलं, वर चढला आणि मधोमध बोटांची मागची बाजू लावली. माय त्याआधी तासभर तिच्या उजेडात भाकरी थापत होती. त्याला काही कळलं नाही.

असे जवळजवळ दोन महिने गेले. तो यायचा, स्टुलावर चढायचा, हात लावायचा, उतरायचा. मारायला काही कारण मिळत नव्हतं. आम्ही त्या दोन महिन्यांत बोलायला शिकलो. माय सुई स्वतः ओवायला लागली. बोळीतल्या दोन बाया संध्याकाळी निवडण-टिपण घेऊन आमच्या दारात येऊन बसायच्या, कारण उजेड बाहेरपर्यंत जायचा.

मग त्याला मीटर आठवलं. दाराच्या मागे फळीवर मीटर होतं आणि त्याच्या काचेमागे एक चाक फिरायचं. जाताना त्यानं कोळशानं भिंतीवर आकडा लिहिला. परत आल्यावर स्टूल घेतलंच नाही. सरळ मीटरपाशी गेला, भिंतीकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं. आकडा बराच पुढे गेला होता. पट्टी आताही चालूच होती, कारण आम्ही आता घाबरत नव्हतो. भाऊ जेवायला घरी आला होता आणि मागच्या खोलीत बसला होता, ते बापाला माहीत नव्हतं.

"कोनं लावली होती?" बापानं विचारलं.

"म्या," माय म्हणाली.

बापानं पट्टा सोडला. बक्कल बाहेर. पहिला फटका मायच्या खांद्यावर बसला, दुसरा चेहऱ्यावर, चांगल्या डोळ्याच्या अगदी खाली. ती मागे सरली आणि तिनं पहिल्यांदा हात वर केले, डोळा झाकायला. "डोयाले नोको," ती म्हणाली. "एवढाच हाये."

बापानं पुन्हा हात उगारला. भाऊ मधल्या दारातून आला. दाराला लावायचा अडसर, सागवानी, त्याच्या हातात होता. उगारलेल्या हाताच्या मनगटावर त्यानं तो मारला. ओल्या फांदीचा येतो तसा आवाज आला. पट्टा खाली पडला. बाप आपल्या हाताकडे पाहत होता, तो भलतीकडे वाकला होता. भावानं दुसरा फटका खांद्यावर घातला. बाप गुडघ्यावर बसला. तिसरा पाठीत. बाप आडवा झाला आणि म्हणाला, "बापू, बापू." भाऊ लहान असताना तो त्याला बापू म्हणायचा.

भावानं चौथ्यांदा अडसर उचलला तेव्हा माय मध्ये पडली. बापाच्या अंगावर आडवी पडली आणि तो फटका तिच्या कमरेवर बसला.

भाऊ थांबला. त्याचा चेहरा मी पाहिला. त्याच्यावर बापाचाच चेहरा होता, तोच ओठ आत घेतलेला. आणि मी खरं सांगायला बसले आहे तर हेही सांगते, मला तो थांबायला नको होता. माय मध्ये पडली याचा मला तिच्यावर राग आला होता.

आम्ही बापाला दवाखान्यात नेलं. भाऊ आला नाही. पट्टी तशीच चालू राहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं ती बंद केली. दवाखान्यात तोच कंपाउंडर होता. त्यानं मायला ओळखलं.

"आता काय झालं?"

"ट्यूब बसवत होते," माय म्हणाली. तिच्या डोळ्याखाली सूज चढत होती. "स्टुलावरून पडले. म्या धराले गेलो तं मले बी लागलं."

कंपाउंडरनं बापाकडे पाहिलं. बाप खाटेवर बसून घामानं भिजला होता. त्यानं मान हलवली. हो म्हणाला.

"तुमच्या घरात दिव्याचं काई खरं नाई, बाई," कंपाउंडर म्हणाला आणि प्लास्टर कालवायला गेला.

तिसऱ्या दिवशी भाऊ अकोल्याला निघाला. मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. गाडीचा कंडक्टर बापाचा ओळखीचा होता. "काहून बे, बापाचा हात मोडला आन तू चालला?" तो म्हणाला. भाऊ खिडकीबाहेर पाहत राहिला. "माहं काम हाये तिकडे," म्हणाला. अकोल्यात त्याचं काही काम नव्हतं. महिनाभर तो कुठं झोपला, काय खाल्लं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. नंतर एका तेलाच्या घाण्यावर लागला.

बापाचं मनगट वाकडंच जोडलं गेलं. पंच दाबता येईना, म्हणून त्याला डेपोत बसून करायचं काम मिळालं. त्यानं आम्हाला पुन्हा मारलं नाही. तो बदलला की नुसता हातानं अधू झाला, हे मी ठरवू शकलेले नाही. प्लास्टर होतं तोवर माय त्याला भरवायची. तो तोंड उघडायचा, ती घास घालायची, दोघं एकमेकांकडे पाहत नसत.

त्याला बघायला लोक यायचे. मायनं दवाखान्यात सांगितलेलं गावभर झालं होतं. लेकरांना अभ्यासाला उजेड व्हावा म्हणून बिचारा स्टुलावर चढला आणि हात मोडून बसला. सुरुवातीला बाप हे ऐकून खाली पाहायचा. मग हं हं करायला लागला. वर्षभरात तो स्वतःच सांगायला लागला. डेपोत, पानठेल्यावर, लग्नांच्या पंगतीत. बल्ब फेका, पट्टी लावा, चाळीस वॅटमध्ये शंभराचा उजेड. बल्बमध्ये नुसती तार तापते. आमच्या बोळीत चार घरांनी त्याचं ऐकून ट्यूब लावली. त्या लावायला तो म्हातारा मिस्त्री यायचा. आमच्या घरची पट्टी कुणी बसवली हे त्याला माहीत होतं. त्यानं कुठं काही म्हटलं नाही. आमच्या दारावरून जाताना सायकलवरून उतरायचा, मायला सलाम करायचा आणि पुढे जाऊन पुन्हा बसायचा.

चार-पाच वर्षांनी मला बघायला पाहुणे आले. भाऊ अकोल्याहून आला होता. बापाशी तो एक शब्द बोलला नव्हता, पण पाण्याचे पेले तोच फिरवत होता. पोराच्या मामानं बापाच्या हाताकडे पाहून विचारलं, "हे कायनं झालं?"

"या पट्टीपायी," बाप म्हणाला आणि वर बोट दाखवलं. त्यानं सगळं सांगितलं. स्टूल कसं डुगडुगलं, कसा तोल गेला, पोरं कशी रडली. इतकं नीट सांगितलं की मलासुद्धा तो स्टुलावरून पडताना दिसला. भाऊ पेला हातात धरून ऐकत होता.

"लेकरांसाठी येवढं कोन करते," मामा म्हणाले आणि मायकडे वळले. "नशीबवान हा वहिनी तुमी."

माय पोह्यांच्या ताटल्या घेऊन मधल्या दारात उभी होती. "घ्या," ती म्हणाली. "थंडे होऊन राह्यले."

सोयरीक जमली. जाता जाता मामांनी जरा ओशाळून सांगितलं की आमच्या गावात अजून वीज पोचली नाही, पोरीला कंदिलावर दिवस काढावे लागतील. बापानं हळहळ व्यक्त केली. मला मात्र ते ऐकून बरं वाटलं.